आधार मोजायचाच, तर किमतीसकट मोजा

“तुमच्यावर संकट आलं, तर हमखास मदतीला येईल असं कुणी तुम्हाला आहे का? होय की नाही?”

गेल्या वर्षी निंदणाच्या दिवसांत हा प्रश्न घेऊन आमच्या गटाच्या बायका ढाणकीत दारोदार फिरल्या. मीही फिरले. बाहेरच्या एका संस्थेला एकट्या बायकांची पाहणी करायची होती. फॉर्म त्यांचे, पाय आमचे. दर फॉर्ममागे गटाला थोडे पैसे मिळणार होते आणि गटाची पेटी रिकामी होती. आम्ही फारसा विचार न करता हो म्हटलं. दिवसभर बायका रोजानं शेतात. घरी सापडायच्या त्या दिवेलागणीला, म्हणजे सासू चुलीपाशी, दीर ओट्यावर आणि शेजारीण भिंतीपलीकडे असताना. आम्ही विचारायचं, तिनं सांगायचं, आम्ही खूण करायची. जवळजवळ सगळ्या फॉर्मवर ‘होय’ला खूण झाली. ढाणकीतल्या एकट्या बायका काही एकट्या नाहीत, असं त्या कागदांनी ठरवून टाकलं.

हा लेख त्या ‘होय’बद्दल आहे. आमच्या चुकीबद्दलही आहे, कारण खुणा आमच्याच हातच्या आहेत.

एक ‘होय’

तिशी ओलांडलेली बाई. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. पदरात दोन मुलं. मी विचारलं, “मदतीला कुणी आहे का?” ती लगेच म्हणाली, “हाय ना बाई. माहा भाऊ हाय.” मी खूण केली आणि पुढच्या दाराशी गेले. ज्यांना आधार नाही अशा बायकांची एक यादी त्या फॉर्मांवरून झाली. त्यांना भेटायचं, कागदपत्रांना मदत करायची, असं ठरलं. ही बाई त्या यादीत नव्हती. आम्ही तिच्याकडे पुन्हा गेलो नाही.

दोन महिन्यांनी तीच आमच्याकडे आली. सासरे वारले होते, जमीन अजून त्यांच्याच नावावर होती. वारसांची नोंद करताना दिरानं आईचं नाव घातलं, स्वतःचं घातलं, हिचं आणि हिच्या मुलांचं घातलंच नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं आधीच मेलेल्या मुलाची विधवा ही पहिल्या वर्गातली वारस आहे. पण कायदा ओट्यावर येऊन बसत नाही. ती माहेरी गेली. भावानं चहा पाजला आणि म्हणाला, “तुमचं तिकडंच मिटवा.” संध्याकाळच्या एसटीनं ती परत आली.

मग दुसरी गोष्ट बाहेर पडली. वर्षभरापूर्वी तिनं माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडून दिला होता. हक्कसोडपत्रावर सही केली, साडीचोळी घेतली आणि घरी आली. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला, देशभर २००५ साली. तो वाटा तिनं का सोडला? भाऊ राहावा म्हणून. माहेरचं दार उघडं राहावं म्हणून. म्हणजे ज्या भावाच्या नावावर मी ‘होय’ लिहिलं, तो भाऊ तिनं जमीन देऊन विकत घेतलेला होता, आणि गरज पडली तेव्हा तो मिळालाही नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय!

मी तिला विचारलं, “तेव्हाच काऊन नाई सांगितलं?” ती म्हणाली, “दारात सासू बसेल होती. अन् माह्या तोंडानं भाऊ नाई म्हनलं असतं, तं मंग तो खरंच नाई झाला असता.”

मैत्रिणींनो, या वाक्यावर आपण थांबायला हवं. बाईचं ‘होय’ ही माहिती नसते. ती तिची अब्रू असते, आणि कधी कधी तिच्याजवळची शेवटची पुंजी असते. ‘मला कुणी नाही’ हे चारचौघांत कबूल करणं म्हणजे उद्यापासून कुणीही हात टाकावा अशी मुभा देणं, हे तिला पक्कं ठाऊक असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत दिसलं, की शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या शंभर बायकांपैकी सुमारे चौदा जणींनीच कुणाकडे मदत मागितली होती. बहुतेकींनी तर कुणाजवळ शब्दही काढला नव्हता. यांतल्या किती जणींनी आमच्या फॉर्मवर ‘होय’ म्हटलं असतं? माझ्या मते जवळजवळ सगळ्यांनी.

हा प्रश्न कुठून आला?

हा प्रश्न आमच्या फॉर्मवाल्यांनी शोधलेला नाही. गॅलप ही अमेरिकन कंपनी २००५-०६ पासून जगभर लोकांना तो विचारते आहे: अडचणीत असताना भरवसा ठेवावा असे नातलग किंवा मित्र तुम्हाला आहेत का? उत्तर दोनच प्रकारचं. २०१२ पासून निघणाऱ्या जागतिक आनंद अहवालात देशादेशांतला फरक समजावून सांगताना या उत्तराचा वापर होतो. मानसशास्त्रज्ञांकडे याहून बारीक मापं आहेत. १९८८ साली तयार झालेली बारा वाक्यांची एक मोजपट्टी आजही फार वापरली जाते. कुटुंब, मित्र आणि ‘एक खास व्यक्ती’ यांचा आधार तुम्हाला किती वाटतो, ते सात पायऱ्यांवर सांगायचं.

आनंदाच्या यादीत २०२४ साली १४३ देशांत भारताचा नंबर १२६ वा आला. असे आकडे आले की आपल्याकडे एक ठरलेली ओरड होते. परदेशी लोकांना आमची एकत्र कुटुंबं काय कळणार? आमच्याकडे माणूस एकटा पडतच नाही! या ओरडणाऱ्यांशी माझं भांडण आहेच. त्यांना वाटतं, हा प्रश्न भारतातला आधार कमी मोजतो. माझं म्हणणं उलटं आहे. बाईच्या बाबतीत तो आधार भलताच जास्त मोजतो. ज्या घरात ती दबलेली असते, त्याच घराला तिचा आधार म्हणून मोजतो.

मोजूच नका, असं मात्र मी म्हणत नाही. मोजल्यानं फरक पडतो, याचा पुरावा आपल्या शेजारच्या जिल्ह्यातच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. तिथं डॉक्टर नसलेल्या, साध्या प्रशिक्षित माणसांनी गावात राहून लोकांचं ऐकून घेतलं, गरज असेल त्याला पुढच्या उपचारापर्यंत पोचवलं. मनानं खचलेल्यांपैकी मदत मिळणाऱ्यांचं प्रमाण अठरा महिन्यांत शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेलं, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. तिथं विचारणारा माणूस पुन्हा येत होता. आम्ही खूण करून निघून गेलो. फरक इथं आहे.

सरकारचं माप

परदेशी मोजपट्ट्यांना नावं ठेवणं सोपं आहे. आपल्या सरकारजवळ आधार मोजायचं स्वतःचं माप कधीपासूनच आहे. त्याचं नावच पाहा: संजय गांधी निराधार अनुदान योजना. १९८० पासून चालू आहे. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजारी अशांसाठी. दरमहाची रक्कम २०२३ साली १,५०० रुपये झाली. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा मात्र वर्षानुवर्षे २१,००० रुपयांवर अडकून राहिली. म्हणजे सगळ्या घरानं मिळून रोजचे अठ्ठावन्न रुपयेसुद्धा कमवायचे नाहीत. तेव्हा कुठं बाई निराधार!

या योजनेच्या नियमांत वर्षानुवर्षे एक कलम चालत आलं होतं. मुलगा पंचवीस वर्षांचा झाला किंवा त्याआधी त्याला नोकरी लागली, की आईचं अनुदान बंद. फक्त मुलीच असतील, तर त्या पंचविशीच्या झाल्या, लग्न होऊन गेल्या, तरी अनुदान चालू. यात मुलींच्या आयांना सवलत दिसते. नीट वाचा. मुलगा म्हणजे आधार आणि मुलगी म्हणजे आधार नव्हे, हे सरकारनं शाईनं लिहून ठेवलं. पंचविशीचा मुलगा आईला भाकर घालतो की तिच्याच मजुरीचे पैसे मागतो, हे कुणी विचारलं नाही. त्याचा जन्मदाखला पाहिला की आईचा आधार मोजून झाला.

१९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली, त्याला आता चार दशकं होत आली. टाकलेल्या बाईला स्वतंत्र माणूस म्हणून मोजा, ही ती मागणी. आज काय चित्र आहे? २०२४ च्या जुलैपासून ‘लाडकी बहीण’ योजना आली. महिना १,५०० रुपये. ते पैसे बायकांच्या हातात पडले याचं मला वाईट वाटत नाही. कुणी त्यात किराण्याची उधारी फेडली, कुणी औषध आणलं. पण २०२५ साली पडताळणी निघाली, तेव्हा बाईच्या आधार कार्डासोबत नवऱ्याचं किंवा बापाचं आधार कार्ड मागितलं गेलं. ओरड झाल्यावर मुभा मिळाली, तीही कागदाच्या बदल्यात. नवरा मेला असेल तर मृत्यूचा दाखला आणा, घटस्फोट झाला असेल तर त्याची कागदपत्रं आणा. ज्या बाईला नवऱ्यानं कोर्टकचेरी न करता नुसतं घराबाहेर काढलं, तिनं कुठला कागद आणायचा? कार्डाचं नाव ‘आधार’, आणि विचारणा अशी की बाई, तुझा आधार कोण ते सांग, म्हणजे तुला बहीण म्हणू!

यवतमाळनं हे आधीच पाहिलं आहे

यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसांचं दुःख मोजायला आजवर किती जण आले, त्याला हिशोब नाही. २००६ साली पंतप्रधान येऊन गेले, पॅकेज आलं, आणि विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत सतरा लाखांवर शेतकरी कुटुंबांची घरोघर पाहणी झाली. कोणतं घर किती संकटात, ते ठरवायचं होतं. कर्ज, नापिकी, आजारपण या खुणांच्या जोडीला आणखी एक खूण होती: घरात लग्नाची मुलगी. कर्जाच्या रांगेत मुलगी उभी केली! तीच मुलगी पहाटे कापूस वेचायला जाते, भावाची फी भरते, आईच्या पायाला तेल लावते. तिला त्या घराचा आधार म्हणून मोजायला एक रकानासुद्धा नव्हता.

२०१५ साली शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाचा ‘प्रेरणा’ प्रकल्प चौदा जिल्ह्यांत आला. प्रश्नावली घेऊन घरोघर जायचं काम आशाताईंकडे. आशाताई ही आपल्याच गावची बाई. तिच्या मानधनाची रडकथा आपण जाणतो. साऱ्या गावाच्या मनाचा भार तिच्या झोळीत टाकला. तिचं मन खचलं तर तिनं कुणाच्या दारी जायचं?

आणि जो माणूस गेला, त्याच्या मागे राहिलेल्या बाईचं काय? सरकार शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर कुटुंबाला एक लाख रुपये देतं. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. त्याआधी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरतं. जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, ते थकलेलं हवं. उसनवारी, दुकानदाराची उधारी, बिनपरवाना सावकार हे मोजणीत नाहीत. जमीन बटईनं केली असेल तर तीही मोजणीत नाही. कुंकू पुसल्याच्या दुसऱ्या आठवड्यात बाईला आपल्या नवऱ्याचं कर्ज ‘खरं’ होतं, हे सिद्ध करावं लागतं.

२०१८ साली महिला किसान अधिकार मंचानं विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा ५०५ बायकांशी बोलून पाहणी केली. शंभरातल्या चाळीस जणींना नवरा कसत होता त्या जमिनीवरचा हक्क मिळालेला नव्हता. घरावर हक्क मिळालेल्या शंभरात पस्तीसच. या सगळ्या बायकांना दीर होते, सासरे होते, भाऊ होते. कुणी त्यांना आमचा तो प्रश्न विचारला असता, तर काय उत्तर आलं असतं, ते आता सांगायला नको.

मोजणीतून बाई कशी गळते, ते राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या आकड्यांत पाहा. त्या वर्षी देशात आत्महत्या केलेल्या ‘शेतकऱ्यां’त ५,१०७ पुरुष आणि २११ बायका. आणि ‘गृहिणी’ या सदरात २३ हजारांहून जास्त. त्या २३ हजारांतल्या कितीजणी निंदायला, वेचायला, सोंगणीला जात होत्या? सात-बाऱ्यावर नाव नाही म्हणून मरतानाही त्या शेतकरी झाल्या नाहीत. आपल्या शेजारच्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे १९ मार्च १९८६ रोजी गेले, त्यांचं नाव आज सारा महाराष्ट्र जाणतो. त्या दिवशी त्यांच्यासोबत त्यांची पत्नी आणि चार मुलंही गेली. सहा जीव. आपण दरवर्षी त्यांची आठवण काढतो ती ‘शेतकऱ्याची आत्महत्या’ म्हणून. त्या बाईला कुणाचा आधार होता, तिनं कुणाजवळ काही बोलायचा प्रयत्न केला होता का, हे कुणी विचारलंय?

तिच्यावर कोण टेकलंय?

सगळ्या मोजपट्ट्यांची एक खोड सारखीच. त्या विचारतात, तुला कुणाचा आधार आहे? तुझ्यावर कोण टेकलंय, हे विचारत नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरचं बिनमोबदल्याचं काम करणाऱ्या बाईचे त्या कामात दिवसाचे २९९ मिनिटं जातात, असं दिसलं. पुरुषाचे ९७, आणि असं काम करणारे पुरुषही चारात एकच. पाच तास रोज जिच्यावर घर उभं आहे, तिला सरकारी भाषेत ‘अवलंबून असलेली व्यक्ती’ म्हणतात.

बाईचा भरवसा नेमका मोजणारे एकच लोक मी पाहिले, ते गटकर्ज वाटणारे. पाच-दहा बायका एकमेकींना जामीन राहतात, मगच कर्ज. कोण कुणासाठी पदर पसरील, कोण कुणाची लाज राखील, हे त्यांनी बरोबर ओळखलं. मग हप्त्याच्या दिवशी एकीचा हप्ता चुकला, की बाकीच्या तिच्या दारात उभ्या. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी बांधाबांधावर जपलेली सावड, उसनं पीठ, रात्रीबेरात्री धावून जाणं, या सगळ्याला त्यांनी तारण करून टाकलं. आधार मोजला म्हणजे भलंच होतं, असं मानणाऱ्यांनी ही मोजणीही पाहावी.

आपल्या चळवळीतूनही एक आक्षेप येईल, तो मी आधीच घेते. काही मैत्रिणी म्हणतील, बाईनं आधार शोधावाच का? तिनं स्वावलंबी व्हावं. ऐकायला छान वाटतं. पण टेकल्याशिवाय कुणीच जगत नाही. पुरुष तर सकाळच्या चहापासून रात्रीच्या अंथरुणापर्यंत टेकलेलाच असतो. त्याच्या टेकण्याला कुणी आधार म्हणत नाही, संसार म्हणतात. बाईला टेकायला जागा हवी, हे म्हणण्यात लाज कसली? ती जागा तिच्या हक्काची असावी, कुणाच्या मेहेरबानीची नको, एवढंच आपलं भांडण आहे.

मग विचारायचं तरी काय?

त्या ‘होय’चा धक्का बसल्यावर आम्ही गटात बसलो आणि आधी एकमेकींनाच विचारायला लागलो. ‘कोण येईल’ असं विचारलं की भाऊ, मुलगा, दीर अशी नावं यायची. ‘मागच्या वेळी कोण आलं होतं’ असं विचारलं, की क्षणभर गप्प बसून बाई वेगळंच नाव घ्यायची. बहुतेक वेळा शेजारणीचं. कधी सोबत रोजानं जाणारीचं. एकीला रात्री दवाखान्यात नेलं ते पलीकडच्या वस्तीतल्या, दुसऱ्या जातीच्या बाईनं. हे ती आम्हाला बांधावर सांगत होती. सासरच्यांसमोर ते नाव तिनं कधीच घेतलं नसतं.

त्यातून पाच प्रश्न झाले. ते आम्ही असे विचारतो:

१. शेवटची मोठी अडचण कोणती आली होती, आणि त्या वेळी प्रत्यक्ष कोण आलं?

२. आलेल्या माणसानं काय दिलं? पैसे, धान्य, एक दिवस, एक रात्र, सही, साक्ष?

३. त्याच्या बदल्यात तुम्ही काय दिलंत, किंवा काय सोडून दिलंत?

४. कुणाजवळ बोलायचं टाळलंत, आणि कशाच्या भीतीनं?

५. तुमच्या भरवशावर कोण कोण आहे? तुम्ही आठ दिवस अंथरुणाला खिळलात, तर त्यांचं कोण करील?

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. हक्कसोड तिथंच सापडते. मुलीची बंद झालेली शाळा तिथं सापडते. ‘तो मारतो, पण दार उघडतो’ हे वाक्यही आम्हाला तिथंच ऐकायला मिळालं. जो आधार जमीन मागतो, गप्प बसायला लावतो, अंगावर हात टाकू द्यायला लावतो, त्याला फॉर्मवर ‘होय’ म्हणून मिरवू देऊ नका.

प्रश्नांइतकीच जागाही महत्त्वाची. दारात विचारू नका. बांधावर, दवाखान्याच्या रांगेत, उमरखेडच्या एसटीत, बाजारातून परतताना विचारा. आणि एक नियम आम्ही स्वतःला घालून घेतला आहे: जी विचारील, तिनं महिन्याभरात त्या बाईकडे पुन्हा गेलंच पाहिजे. ज्या मोजणीत परत जायचं नाही, ती आम्ही कुणासाठीही करणार नाही, मग दर फॉर्ममागे कितीही पैसे मिळोत. त्या संस्थेला आम्ही तसं कळवलं. काम गेलं. गटाची पेटी अजून रिकामीच आहे, हेही सांगून टाकते.

कुणी म्हणेल, असल्या लांबलचक उत्तरांची बेरीज कशी करणार? देशादेशांची तुलना कशी होणार? पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाची बेरीज खुशाल होते, करून पाहा. आणि देशाचा नंबर कितवा, ही चिंता ज्यांची त्यांना. आम्हाला उद्या कुणाच्या दारी जायचं ते कळलं पाहिजे.

सरकारकडे मात्र ठणकावून मागायला हवं. बाईचा हक्क तिच्या नातेवाइकांच्या यादीवरून ठरवू नका. मुलाच्या वयावरून तिचं अनुदान कापू नका. नवऱ्याच्या कार्डावाचून तिचं नाव अडवू नका. टाकलेल्या बाईला गटाची, शेजारणींची साक्ष पुरावा म्हणून धरा. २०१९ साली शेतकरी आत्महत्याग्रस्त घरांतल्या बायकांच्या वारसनोंदींना प्राधान्य द्या, असं शासनानं काढलेल्या निर्णयात म्हटलं होतं. ते प्रत्येक एकट्या बाईला लावा, आणि गावोगावच्या वारसनोंदी बायकांसमोर ग्रामसभेत वाचून दाखवा. ‘कुटुंब बघून घेईल’ हे वाक्य आता पुरे. कुटुंब कसं बघून घेतं, ते आम्ही पाहिलं आहे.

ज्या बाईपासून सुरुवात केली, तिच्या वारसनोंदीवर तिनं हरकत घेतली आहे. प्रकरण मंडळ अधिकाऱ्याकडे सुनावणीला लागलं आहे. पहिल्या तारखेला ती एकटी गेली होती, दिरासोबत सहा माणसं होती. पुढच्या तारखेला आम्ही चौघी तिच्यासोबत जाणार आहोत. एक दिवसाची रोजी बुडेल. तिनं नको म्हटलं, तरी जाणार.

तुमच्या गावात, तुमच्या गटात हे पाच प्रश्न विचारून पाहा. आमचे प्रश्न अपुरे असतील, तुमचे जोडा. आणि काय उत्तरं आली, ती याच पानांवर लिहून पाठवा.